मागच्या काचेवरचं नाव

शनिवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी क्रांती चौकात मधुसूदन पाठकने सासऱ्यांच्या गाडीची डिकी धाडकन लावली आणि पुढच्या क्षणी गाडीला मागची काच उरली नाही. आवाज फार मोठा झाला नाही. पोत्यातून ज्वारी ओतावी तशी काच खाली आली. निम्मी डिकीत, निम्मी रस्त्यावर. काच होती त्या जागेतून एक मुसळ लोखंडी कडं घातलेलं टोक बाहेर काढून चौकातल्या रहदारीकडे बघत होतं.

केळीवाला गाडा सोडून आला. "फुटली का?" त्याने विचारलं.

मधुसूदनला ते ऐकूच आलं नाही. त्याच्या कानात एकच शब्द वाजत होता. सकाळी बिडकीनला, गाडीची किल्ली हातावर ठेवताना सासरे म्हणाले होते, "जपून."

या एका शब्दाचं वजन कळायला मागची चार वर्षं सांगायला हवीत. तात्यासाहेबांना जावई हवा होता जमीनजुमलावाला. पोरीने, म्हणजे वच्छलाने, कॉलेजातला मधुसूदन निवडला. त्याच्या आजोबांकडे पंचांग होतं, वडिलांकडे कारकुनी होती आणि त्याच्याकडे विमा कंपनीच्या कचेरीतलं एक टेबल होतं. तात्यासाहेबांनी रीतसर लग्न लावून दिलं, पंगती उठवल्या आणि जावयाशी बोलणं बंद केलं. रागावून नाही, ओरडून नाही, नुसतं बंद. जावई समोर बसलेला असताना ते पोरीला म्हणत, "वच्छू, पाव्हण्याला इचार, चहा घेणार का." पोरगी घरात नसली तर दारातल्या बैलाकडे बघून म्हणत, "पाव्हण्यानं जेवून जावं."

अशा माणसाने आज थेट जावयाच्या डोळ्यांत बघून, मध्ये पोरगी किंवा बैल न घेता, एक शब्द उच्चारला होता. आणि त्या शब्दाला तीन तासही झाले नव्हते.

गाडी देण्याचं कारण मुसळ. तात्यासाहेबांचे धाकटे भाऊ नानासाहेब शहरात राहत आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचा घाणा रविवारी सकाळी भरायचा होता. उखळात हळकुंडं घालून, मुसळाला आंब्याची पानं बांधून, पाच जणी ओव्या म्हणत कांडतात. त्याशिवाय हळद लागत नाही. नानासाहेबांच्या फ्लॅटमध्ये मिक्सर तीन होते, मुसळ एकही नव्हतं. थोरल्या घरचं मुसळ आणायचं ठरलं. तात्यासाहेबांना शनिवारी शेताच्या पाण्याची पाळी होती, म्हणून गाडी जावयाने न्यायची, आणि रविवारी दहाला तात्यासाहेबांनी एसटीने यायचं.

निघताना गडी कडूबाने मुसळ मागच्या सीटवर आडवं घातलं होतं. ते तिथंच राहिलं असतं. पण क्रांती चौकात साळूबाई भेटल्या. साळूबाई म्हणजे तात्यासाहेबांची थोरली बहीण, त्यांची अक्का. सत्तरीच्या, ठसठशीत, आणि तात्यासाहेब साऱ्या तालुक्यात ज्या एकाच माणसाला भीत असत ते माणूस. त्या सिल्लोडहून लग्नासाठी आल्या होत्या.

"मी काय मुसळावर बसू व्हय?" त्या म्हणाल्या. "घाला की मागं डिकीत."

मधुसूदनने घातलं. आडवं मावेना, म्हणून लांबीत घातलं. वच्छला म्हणाली, "अहो, बसतंय का नीट?" तो म्हणाला, "बसतं." आणि दार लावलं.

"आता गं बाई," साळूबाई खिडकीतून मान काढून म्हणाल्या, "आईचं नाव गेलं."

त्या मागच्या काचेवर पिवळ्या रेडियमच्या अक्षरांत तात्यासाहेबांच्या आईचं, मनकर्णाबाईंचं नाव होतं. कारखान्यांच्या वसाहतीत जमीन गेली, त्या पैशातून गाडी आली. ती दारात उभी राहायच्या आत म्हातारी गेली. म्हणून नाव.

"आत्या, तुम्ही तात्यांना सांगणार का?" त्याने विचारलं.

"मी कशाला सांगू? मुसळ मागं घाला म्हणणारी मीच." साळूबाईंनी पदर सारखा केला. "पर नाव होतं तसं पायजे. तात्या आईच्या बाबतीत लई हळवा हाय. त्यानं काच मोडल्याली सोसली असती, नाव मोडल्यालं नाय सोसायचा."

वच्छला काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं वडिलांवर गेलं होतं आणि ते मधुसूदनला आणखी घाबरवून गेलं.

*

मधुसूदनचं काम विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासण्याचं होतं. काच फुटल्याचे दावे तर त्याच्या हातून आठवड्याला चार-पाच जात. सामान कसं ठेवलं होतं? दार कोणी लावलं? आधी सूचना मिळाली होती का? हे प्रश्न तो निर्विकार चेहऱ्याने लोकांना विचारत असे. आज तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याला स्वतःला द्यावी लागली, आणि तिन्ही उत्तरं स्वतःच्याच विरोधात गेली.

"विम्यातून करू ना," वच्छला म्हणाली. "तुमच्याच कचेरीत आहे."

"दावा नोंदवला की मालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो. तीन मिनिटांत."

"तात्या मेसेज वाचत नाहीत."

"कडूबा वाचून दाखवतो."

"कडूबाला वाचता येत नाही."

"मग गावातल्या कोणालातरी वाचायला देतील. म्हणजे तात्यांच्या आधी गावाला कळेल."

शोरूममध्ये फोन केला. काच पुण्याहून मागवावी लागेल, बुधवारी येईल. रविवारी दहा आणि बुधवार यांच्यात जे अंतर होतं, ते मधुसूदनला आपल्या उरलेल्या आयुष्याएवढं दिसलं.

केळीवाल्याने मार्ग काढला. रस्त्यावरची काच झाडूने गोळा करता करता तो म्हणाला, "कटकट गेटाकडं जा. वहीदभाई काचवाले. बोलायला तिरपे हैत, पर हात सोन्याचा."

साळूबाईंना नानासाहेबांकडे उतरवलं. मुसळही दिलं. मधुसूदनने ते दोन्ही हातांनी, तान्हं मूल द्यावं तसं दिलं.

वहीदभाई दुकानापुढे स्टुलावर बसून चहा पीत होते. मेंदी लावलेली दाढी, नाकाच्या टोकावर चष्मा. गाडी बघताच त्यांचा कप ओठांशी थांबला. ते उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचा नंबर बघितला, मागे आले आणि फुटलेल्या काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"किसकी गाडी है?"

"सासऱ्यांची."

"हौ," वहीदभाई म्हणाले, आणि दाढीत बोटं घालून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ये जो काला गम है ना, ये कंपनी का नै. हाथ का काम है. पर क्या हाथ है, साब! एक बुलबुला नै. किसी उस्ताद ने बिठाया."

मधुसूदनला या कौतुकात रस नव्हता. "उद्या सकाळी दहाच्या आत होईल का?"

"काच सिल्लोड को है मेरे भांजे के पास. काळीपिवळी जीप में डालेगा, पाच बजे तक आ जाती. बिठाके रातभर गाडी हिलाने की नै. सुबह नौ बजे ले जाव." ते डिकीतले तुकडे ब्रशने पत्र्याच्या डब्यात ओढू लागले. "और कुछ?"

"काचेवर नाव होतं. पिवळ्या अक्षरात. तेही तसंच हवं."

ब्रश थांबला. "नाव था?"

"हो."

"पक्का?"

"म्हणजे काय! सासऱ्यांच्या आईचं नाव आहे."

वहीदभाईंनी पत्र्याचा डबा त्याच्यापुढे धरला. "मेरेकू तो इसमें पीला कुछ दिखता नै."

"तो भाग चौकात पडला असेल," मधुसूदन चिडून म्हणाला. कचेरीत असं वाक्य समोरच्याकडून ऐकलं असतं तर त्याने त्याखाली लाल रेघ मारली असती.

"एक बार घर में पूछ लेव साब," वहीदभाई हळूच म्हणाले. "ससुरे कोच पूछ लेव तो बेहतर."

"सासऱ्यांना कळू नये म्हणून तर आलोय!"

"वो भी सही है," वहीदभाई म्हणाले. "सब इसीलिएच आते." आणि त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

*

आता प्रश्न आला की नाव नेमकं काय होतं.

"आईची कृपा," वच्छला म्हणाली.

"नुसतं आई नव्हतं. मनकर्णाबाई होतं."

"मनकर्णाबाईंचा आशीर्वाद."

"आशीर्वाद एवढा लांब शब्द मावला असता का?"

चार वर्षं दोघे त्या काचेमागे दर दिवाळीला, दर अक्षय्य तृतीयेला उभे राहिले होते. सामान घातलं होतं, सामान काढलं होतं. वाचलं कोणीच नव्हतं. वच्छलाने मोबाइलमध्ये गाडीच्या पूजेचा फोटो शोधून काढला. गाडी मागच्या बाजूने, स्वच्छ उन्हात. डावीकडे ठळक अक्षरं: मनकर्णाबाई. त्यानंतर तात्यासाहेब. फेटा बांधून, छाती काढून, उरलेल्या मजकुरावर पाठ टेकून ते उभे होते.

"जरा बाजूला झाले असते तर," मधुसूदन फोटोला म्हणाला.

शेवटी वच्छलाने कडूबाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"कडूबाकाका, आपल्या गाडीच्या मागच्या काचंवर काय लिहिलंय हो?"

पलीकडे बराच वेळ नुसता मोटारपंपाचा आवाज आला. "कुणी इचारलं?" कडूबा दबक्या आवाजात म्हणाला.

"मीच विचारते."

"ताई, मला काय ठावं नाय. मी काय बघितलं नाय. मी तवा गोठ्यात व्हतो."

"अहो काका, नुसतं काय होतं ते सांगा."

"मला वाचता येतंय व्हय? पिवळं व्हतं. आन् शेवटाला घोडं व्हतं, उड्या मारनारं. आदी व्हतं म्हंतो मी. तात्यानं सांगितलंय, या बाबतीत तोंड उघडायचं नाय." फोन बंद झाला.

मधुसूदनने कपाळाला हात लावला. "त्यांना कळलंय."

"कसं कळेल?"

"तोंड उघडायचं नाही असं तात्यांनी सांगितलंय, म्हणजे कळलंय. चौकातून कोणीतरी फोन केला."

तेवढ्यात मधुसूदनचाच मोबाइल वाजला. पडद्यावर 'तात्यासाहेब' अशी अक्षरं आली. चार वर्षांत या नंबरावरून त्याला एकदाही फोन आला नव्हता. त्याने तो वच्छलाच्या हातात असा टाकला, जसा तवा चटका बसल्यावर टाकतात.

"हां तात्या. पोचलो... ते जरा कामात आहेत... हो, गाडी नीट आहे." तिचा आवाज या ठिकाणी थोडा उंच गेला. "मुसळ? हो, तेही पोचलं. नानाकाकांकडे दिलं... कुठं म्हणजे? गाडीत कुठं ठेवलं होतं?" तिने मधुसूदनकडे बघितलं. मधुसूदनने दोन्ही हात आडवे पसरून दाखवले. "आडवं, तात्या. मागच्या सीटवर. आडवंच."

फोन ठेवून ती म्हणाली, "गाडीचं एकदाच विचारलं. मुसळाचं तीनदा."

"हीच तपासायची पद्धत असते," मधुसूदन घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ज्याच्यावर संशय असतो, ते शेवटी विचारतात."

मजकुराचा निकाल साळूबाईंनी फोनवर लावला. "'मनकर्णाबाईंची पुण्याई'. त्यात काय इचारायचं? दुपारी गाडीत बसायच्या आदी मी आईच्या नावाला हात लावून नमस्कार केला की. आताच वाचलंय मी."

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मिळाला होता. मधुसूदनने समाधानाचा श्वास सोडला. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेल्या साक्षीदाराची साक्ष आपण कचेरीत कधी धरली असती का, हा विचार त्याच्या मनात आला नाही. भ्यायलेला माणूस आधार शोधतो, पुरावा नाही.

पाच वाजता काळीपिवळीतून गोधडीत गुंडाळलेली काच उतरली. वहीदभाईंनी ती बसवली. बुडबुडा एक नाही. शेजारच्या रेडियमवाल्याने पिवळी अक्षरं कापली आणि विचारलं, "घोडा कोणत्या तोंडाचा?" मधुसूदन आणि वच्छला एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी घोडा उजवीकडे तोंड करून लावला, कारण रेडियमवाल्याकडे तोच तयार होता.

*

रविवारी दहाला पाच कमी असताना तात्यासाहेब आले. नानासाहेबांच्या इमारतीखाली मांडव होता, वर घाणा भरण्याच्या ओव्या सुरू झाल्या होत्या, आणि गाडी मधुसूदनने मुद्दाम भिंतीला पाठ लावून उभी केली होती. पाठ आणि भिंत यांत हातभर जागा होती. तात्यासाहेबांनी गाडी बघितली. कोणाशी न बोलता ते सरळ त्या हातभर जागेत शिरले.

मधुसूदन मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. एक मिनिट गेलं. दोन गेली. आतून काही आवाज येईना. शेवटी तोच तिथे गेला. वाट बघण्यापेक्षा मार खाणं बरं, असं माणसाला एका टप्प्यावर वाटतं.

तात्यासाहेब काचेसमोर उभे होते. तोंड उघडं, टोपी हातात. ते एका बोटाने 'मनकर्णाबाईंची' या शब्दावरून सावकाश जात होते. जावयाची चाहूल लागताच त्यांनी दचकून मांडवाकडे बघितलं.

"अक्का कुठंय?"

थेट प्रश्न होता. मधे पोरगी नव्हती, बैलही नव्हता.

"वर आहेत. कांडतायत," मधुसूदन कसाबसा म्हणाला. "तात्या, मला तुम्हाला काही सांगायचंय. काल..."

"हळू बोला." तात्यासाहेबांनी त्याच्या दंडाला धरून त्याला भिंतीपाशी ओढलं. पकड घट्ट होती. मधुसूदनला आधी वाटलं, रागाने. मग त्यांचा चेहरा दिसला, आणि तो चेहरा त्याने कालपासून प्रत्येक आरशात बघितला होता.

"जावईबापू," तात्यासाहेब कुजबुजले, "ही अक्षरं आली कुठून?"

"काल काच फुटली, म्हणून होती तशीच लावून घेतली..."

"व्हती कुठं? काच कोरी व्हती. महिना झाला."

वर पाच जणींनी मुसळ उचललं आणि उखळात टाकलं. धप्प आवाज झाला.

"गेल्या महिन्यात पैठणला आपल्या पाव्हण्यातल्या बद्रीनाथच्या पोरीचं लगीन झालं," तात्यासाहेब म्हणाले. "हेच मुसळ नेत व्हतो. डिकीत लांबीत घातलं आन् दार आपटलं. आईचं नाव माझ्या पायाशी पडलं. कडूबाशिवाय कुणाला ठावं नाय. अक्काला कळलं असतं तर तिनं मला गावात ऱ्हाऊ दिलं नसतं."

मधुसूदनच्या तोंडून पहिला प्रश्न सवयीने कचेरीतला निघाला. "काच कुठं बदलली?"

"कटकट गेटाला. वहीद म्हणून एक हाय. कुणाला सांगू नको म्हणलं त्याला. शब्दाचा पक्का मानूस."

"फार पक्का," मधुसूदन म्हणाला. "पण मग अक्षरं का नाही लावून घेतली?"

तात्यासाहेबांनी मान खाली घातली. साठ एकरांचा कारभार पाहिलेला माणूस शाळेत पाढा विसरलेल्या पोरासारखा उभा राहिला. "पुढं काय लिवलं व्हतं तेच आठवंना. पूजेचा फोटो काढून बघितला तर त्यात मीच आडवा. कुणाला इचारावं तर बोभाटा. तुम्हाला कुठं घावलं?"

"आत्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, काल दुपारी बसायच्या आधी नावाला हात लावून नमस्कार केला."

"काल? कोऱ्या काचंला?"

मधुसूदनने मान हलवली. मग तात्यासाहेबांचं पोट हलायला लागलं. आवाज वर जाऊ नये म्हणून त्यांनी टोपी तोंडावर दाबून धरली. मधुसूदनने भिंतीला कपाळ टेकवलं.

"मग पुण्याईच असंल," डोळे पुसत तात्यासाहेब म्हणाले. "अक्कापुढं कोन जातंय. पर घोडं ह्या तोंडाला नव्हतं. आपलं डावीकडं बघत व्हतं."

"तात्या," मधुसूदन म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात थोडी तक्रार उमटली. "मुसळ लांबीत घातलं की काच फुटते, हे तुम्हाला माहीत होतं. काल किल्ली देताना सांगायचं ना."

"सांगितलं की."

"काय सांगितलं?"

"जपून, म्हणलं."

*

घाणा आटोपला, जेवणं झाली. साळूबाईंनी चार दिवस बिडकीनला माहेरपणाला यायचं ठरवलं. मुसळही परत जायचं होतं. त्या मागच्या सीटवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "तात्या, ते मुसळ घाल की मागं डिकीत."

"नको!" दोन पुरुष एका आवाजात ओरडले.

साळूबाईंनी दोघांकडे बघितलं. वच्छलानेही बघितलं, तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण ती वडिलांची लेक होती, बोलली नाही.

शेवटी मधुसूदन मुसळासकट पुढे बसला. एक टोक पायाशी, लोखंडी टोक खांद्यावर. तात्यासाहेबांनी गाडी सुरू केली, आणि बोलायला सुरुवात केली. पाण्याच्या पाळीबद्दल, जमीन मोजायला आलेल्या साहेबाबद्दल, मक्याबद्दल, पहिल्या बैलजोडीबद्दल. चार वर्षांचं साठलेलं होतं. बोलताना जावयाकडे वळून बघायची त्यांना सवय आहे, हे मधुसूदनला नव्याने कळत होतं. क्रांती चौकात पुढे एक रिक्षा अचानक थांबली. तात्यासाहेब तेव्हा जावयाकडे बघून बैलाचं वशिंड हाताने दाखवत होते.

मधुसूदनने डोळे मिटले, मुसळ घट्ट धरलं, आणि जो एक शब्द सासऱ्यांनी त्याला दिला होता तो त्यांना परत केला.

"तात्या, जपून!"